हाताने चालते, स्क्रिप्टमधून अडते: बाहेरची कमांड चालवताना होणारे घोळ आणि त्यांचा माग

टर्मिनलवर कमांड टाइप केली की काम चोख होतं. तीच ओळ स्क्रिप्टमध्ये टाकून रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) लावली की सकाळी फाइल नाही, मेसेज नाही, काहीच नाही. पिंपळगाव बसवंतच्या अडतीवर शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्यांची पीडीएफ काढणारी स्क्रिप्ट असो, नाहीतर सातपूरच्या वर्कशॉपमधून मशीनच्या नोंदी मुख्य सर्व्हरवर पाठवणारी असो, तक्रार हीच असते. एकदा दुरुस्त केली म्हणून ती मिटतही नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढते, कारण पहिल्यांदा फक्त लक्षण दाबलेलं असतं.

अशा वेळी लोक कमांडच्या मागे लागतात, तिचे पर्याय उलटसुलट करून बघतात. पण कमांड बहुतेक वेळा ठणठणीत असते. बदललेलं असतं ते तिच्या भोवतीचं: कुठल्या युजरने बोलावलं, कुठल्या फोल्डरमधून, पाथ (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांची यादी) काय आहे, भाषा कोणती आहे, इनपुट कुठून येतंय. शोध तिथूनच सुरू करायचा. खालची माहिती उबुंटू आणि डेबियन धरून आहे, विंडोजचं शेवटी थोडक्यात. कमांड आणि पत्ते उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.

आधी कोड बघा

प्रत्येक कमांड संपताना ० ते २५५ मधला एक आकडा, म्हणजे एक्झिट कोड, मागे ठेवते. शेलमध्ये (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तो $? मध्ये मिळतो, पण फक्त लगेच पुढच्या ओळीत. मध्ये नुसता एक एको टाकला तरी तुम्हाला कमांडचा नाही, एकोचा कोड मिळतो, आणि तो जवळजवळ नेहमी ० असतो. म्हणून कमांडच्या खालच्याच ओळीत तो एखाद्या व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवा आणि मग काय छापायचं ते छापा.

१२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही, पाथ तपासा. १२६ म्हणजे सापडली, पण चालवता आली नाही. परवानगी नाही, किंवा ती फाइल असलेली डिस्क नोएक्झेक पद्धतीने (तिच्यावरून काही चालवू न देता) माउंट झालेली आहे. पेन ड्राइव्हवरून थेट स्क्रिप्ट चालवणाऱ्यांना हे हमखास भेटतं. अशा वेळी चमॉड करून (परवानगी बदलून) उपयोग नसतो, फाइल डिस्कवर आणावी लागते. १२८ च्या पुढचा आकडा दिसला तर त्यातून १२८ वजा करा, उरेल तो सिग्नलचा, म्हणजे प्रोसेसला मिळालेल्या इशाऱ्याचा, नंबर. १३७ म्हणजे ९, कोणीतरी जबरदस्तीने मारलं. तो 'कोणीतरी' बऱ्याचदा मेमरी संपल्यावर जागा झालेला कर्नलच असतो, आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) त्याची नोंद सापडते. १३९ म्हणजे ११, प्रोग्रॅम स्वतःच कोसळला. १४३ म्हणजे १५, सभ्यपणे थांबायला सांगितलं गेलं. टाइमआउट कमांडने वेळ संपल्यावर थांबवलं असेल तर १२४ मिळतो. एसएसएच स्वतःच जोडणीत फसलं तर २५५.

पायथनमध्ये हेच आकडे वेगळे दिसतात. सबप्रोसेस मॉड्यूल सिग्नलने मेलेल्या प्रोसेसचा कोड उणे दाखवतं, म्हणजे १३७ ऐवजी -९. जुन्या स्क्रिप्टमधलं ओएस.सिस्टिम लिनक्सवर कोडला २५६ ने गुणलेला आकडा हातात देतं. कमांडने १ दिला तर तिथे २५६, १२७ दिला तर ३२५१२. लॉगमध्ये ३२५१२ दिसला की तो कुठलाही गूढ एरर नाही, साधं 'कमांड सापडली नाही' आहे. पर्लच्या $? मध्येही हाच प्रकार.

शून्य नाही म्हणजे बिघाडच, असंही नाही. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला काही सापडलं नाही तर तो १ देतो, दोन फाइल ताडणाऱ्या डिफला फरक सापडला तरी १. फाइल कॉपी करणाऱ्या आरसिंकचा २४ म्हणजे कॉपी चालू असताना काही फाइल जागेवरून गेल्या, आणि चालू फोल्डरचा बॅकअप घेताना ते होणारच. २३ मात्र मनावर घ्यायचा, काही फाइल खरोखर गेलेल्या नसतात. स्क्रिप्टच्या माथ्यावर सेट -ई असेल तर ग्रेपचा १ सगळी स्क्रिप्ट तिथेच थांबवतो. परिणाम असा की बाजार समितीत लिलाव बंद असतील त्या दिवशी 'आजची आवक' शोधणारा ग्रेप रिकामा परततो, पुढचा बॅकअप होत नाही, आणि लोक म्हणतात स्क्रिप्ट सुट्टीच्या दिवशी रुसते. जिथे रिकामं उत्तर चालतं तिथे ग्रेप सरळ इफमध्ये घ्या.

पाइप (|) लावलेल्या, म्हणजे एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणाऱ्या, ओळीचा कोड शेवटच्या कमांडचा असतो. डेटाबेसचा डंप फसला, पुढच्या जीझिपने रिकामी फाइल नीट आवळून ठेवली, कोड ०. असे बॅकअप महिनोन्‌महिने गोळा होत राहतात आणि गरज पडेल त्या दिवशी उघडे पडतात. बॅश या नेहमीच्या शेलमध्ये सेट -ओ पाइपफेल लावा. मात्र त्यानंतर एखाद्या ओळीला १४१ आला तर घाबरू नका. पुढच्या हेडने हव्या तेवढ्या ओळी घेऊन दार लावलं आणि मागची कमांड लिहिता लिहिता अडकली, एवढंच.

एररचा मेसेज कुठे जातो

कोडच्या जोडीला मेसेज हवा. साधं आउटपुट आणि एरर दोन्ही लॉगमध्ये यावेत म्हणून कमांडच्या शेवटी '> लॉग २>&१' असंच लिहा, याच क्रमाने. उलट लिहिलं, म्हणजे '२>&१ > लॉग', तर एरर जुन्याच जागी जातात आणि लॉगमध्ये फक्त साधं आउटपुट येतं.

'&>' हा बॅशचा शॉर्टकट क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये) वापरू नका. क्रॉन मुळात /बिन/एसएच बोलावतो, आणि उबुंटूवर ६.१० या आवृत्तीपासून एसएच म्हणजे बॅश नाही, डॅश नावाचा वेगळा शेल आहे. डॅश '&>' चे दोन तुकडे करतो: & म्हणून कमांड पाठीमागे सोडून देतो, आणि > म्हणून लॉग फाइल कोरी करतो. लॉग दर वेळी शून्य बाइटचा, कोड ०, आणि कमांडचं काय झालं ते देव जाणे. हाच घोळ दोन चौकटी कंसांच्या अटी आणि ॲरे यांचाही होतो. स्क्रिप्ट बॅशमध्ये लिहिली असेल तर पहिल्या ओळीत बॅशच लिहा, आणि चालवताना 'एसएच स्क्रिप्ट' असं चालवू नका, नाहीतर ती पहिली ओळ कोणी वाचतच नाही.

ती पहिली ओळ बरोबर असूनही 'बॅड इंटरप्रिटर, नो सच फाइल' असं येत असेल, तर फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह झालेली आहे का बघा. ओळीच्या शेवटी न दिसणारा कॅरेज रिटर्न चिकटतो आणि लिनक्स 'बॅश' नव्हे, 'बॅश अधिक ते एक अक्षर' नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतो. फाइल कमांडने बघितलं तर ती सीआरएलएफ असल्याचं सांगते. डॉसटूयुनिक्सने साफ होते. याच मेसेजचा एक चुलतभाऊ आहे: डोळ्यांसमोर असलेली बायनरी चालवली तरी 'नो सच फाइल'. ती बहुधा ३२ बिटची असते आणि तिला लागणारा लोडर ६४ बिटच्या मशीनवर टाकलेला नसतो. लेबल प्रिंटरसोबत आलेल्या जुन्या ड्रायव्हरच्या बाबतीत हे वारंवार घडतं.

पीएचपीतून कमांड चालवणारे शेल_एक्झेकवर विसंबतात. ते फक्त साधं आउटपुट परत देतं, एरर देत नाही, कोडही देत नाही. एक्झेक वापरा, तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये कोड घ्या, आणि कमांडच्या शेवटी २>&१ जोडा. शिवाय वेब पेजवरच्या बटणातून चाललेली कमांड तुमच्या नावाने चालत नाही, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरच्या नावाने चालते. तुमच्या होम फोल्डरमधलं तिला काही दिसेलच असं नाही.

क्रॉनचं जग छोटं असतं

डेबियन, उबुंटूवर युजरच्या क्रॉनटॅबला मिळणारा पाथ साधारण एवढाच: /यूएसआर/बिन आणि /बिन. /यूएसआर/लोकल/बिन नाही, स्नॅपचे प्रोग्रॅम जिथे असतात ते /स्नॅप/बिन नाही, तुमच्या होममधलं तर काहीच नाही. अनेक जण उपाय म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला डॉट बॅशआरसी सोर्स करतात. उबुंटूच्या त्या फाइलच्या तोंडालाच 'समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत जा' अशी अट आहे, त्यामुळे खालच्या पाथच्या ओळींपर्यंत ती पोहोचतच नाही. एलियसचंही तेच, स्क्रिप्टमध्ये ते नसतात.

प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तुम्ही पूर्ण पत्त्याने बोलावलेला प्रोग्रॅम आतून आणखी तीन प्रोग्रॅम बोलावतो, आणि ते पाथमधूनच शोधतो. म्हणून स्क्रिप्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत पाथ स्वतः ठरवून एक्स्पोर्ट करणं जास्त भरवशाचं. कमांड नक्की कुठून उचलली जाते ते 'टाइप -ए' ने बघा. व्हिच शेलचे एलियस आणि फंक्शन धरत नाही. आणि प्रोग्रॅमची जागा आत्ताच बदलली असेल तर चालू टर्मिनलमध्ये 'हॅश -आर' मारा, बॅश जुना पत्ता लक्षात ठेवून असतो.

रात्रीची वाट न बघता बिघाड समोर आणायचा सोपा मार्ग आहे. टर्मिनलवर 'एन्व्ह -आय' लावून, फक्त होम आणि तो छोटा पाथ देऊन, /बिन/एसएच -सी मधून स्क्रिप्ट चालवा. एन्व्ह -आय सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल काढून घेतो. क्रॉनमध्ये जे मोडतं त्यातलं बरंचसं इथे लगेच मोडतं, आणि मेसेज डोळ्यांसमोर येतो. तरीही पटत नसेल तर 'एसट्रेस -एफ -ई एक्झेकव्हीई' लावून चालवा. कुठल्या पत्त्यावरची कमांड चालवायचा प्रयत्न झाला, कुठे ईनोएंट (फाइल नाही) आला, कुठे ईॲक्सेस (परवानगी नाही) आला, आणि तिला आर्ग्युमेंट नक्की काय मिळाले, सगळं ओळीने छापून येतं.

क्रॉनटॅबमध्ये % चिन्हाचा अर्थ नवी ओळ होतो. फाइलच्या नावात तारीख घालण्यासाठी 'डेट +%' असं लिहिलं की कमांड तिथेच तुटते आणि उरलेलं इनपुट म्हणून आत जातं. % च्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा तारखेचं काम स्क्रिप्टच्या पोटात करा. क्रॉन.डेली या रोजच्या कामांच्या फोल्डरमध्ये टाकलेल्या स्क्रिप्टच्या नावात टिंब असेल, म्हणजे शेवटी '.एसएच', तर डेबियनवर ती चालवलीच जात नाही, आणि त्याबद्दल कोणी ब्रही काढत नाही.

क्लाउडवरचं मशीन बहुधा यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असतं. तिथे २१:३० ला लावलेलं काम आपल्याकडे रात्री साडेनऊला नाही, पहाटे ३ वाजता होतं, आणि तारीखही बदललेली असते.

फोल्डरचं एक राहिलं. क्रॉन होम फोल्डरमधून सुरू होतो, त्यामुळे 'डेटा/आजची फाइल' असले सापेक्ष पत्ते तिथे लागू होत नाहीत. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सीडी करा, आणि त्याच ओळीत '|| एक्झिट १' लिहाच. सीडी फसला आणि स्क्रिप्ट पुढे जात राहिली, आणि पुढे जुन्या फाइल पुसणारी ओळ असली, तर ती भलत्याच फोल्डरमध्ये पुसते. पायथनमध्ये ओएस.सिस्टिममधून सीडी केलेलं पुढच्या कमांडला लागू होत नाही, कारण ते एका वेगळ्या शेलपुरतं होतं आणि तो शेल तिथेच संपला, सबप्रोसेस.रनला सीडब्ल्यूडी द्या. तो फोल्डरच नसेल तर पायथन 'फाइल नॉट फाउंड' म्हणतो आणि माणूस कमांड शोधत फिरतो. मेसेजच्या शेवटी कोणाचं नाव आहे ते वाचा.

फाइलच्या नावातली मोकळी जागा, आणि मराठी नावं

'लासलगाव आवक' नावाची फाइल अवतरणाशिवाय दिली की कमांडला दोन फाइल दिसतात: लासलगाव आणि आवक. शेलमध्ये प्रत्येक व्हेरिएबल दुहेरी अवतरणात ठेवा, अपवाद न करता. नाव उणे चिन्हाने सुरू होण्याची शक्यता असेल तर आधी '--' द्या.

पायथनमध्ये कमांड स्ट्रिंग म्हणून न देता यादी म्हणून द्या, शेल=ट्रू न लावता. मग अवतरणांचा प्रश्नच उरत नाही, आणि शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात कोणी अर्धविराम टाकून पुढे आरएम लिहिलं तरी ते नावच राहतं, कमांड बनत नाही. याची किंमत एवढीच की *, ~, | आणि > यांना कोणी अर्थ लावत नाही; ते शेलचं काम होतं. 'एलएस *.पीडीएफ' यादीतून दिलं तर एलएस खरोखर '*.पीडीएफ' याच नावाची फाइल शोधतो. सगळ्यात फसवं म्हणजे यादीही द्यायची आणि शेल=ट्रूही लावायचं. तेव्हा फक्त पहिला शब्द कमांड म्हणून चालतो, बाकीचे शेलच्या खिशात जातात. एलएसला दिलेला फोल्डर बाजूला राहतो आणि चालू फोल्डरची यादी येते, एररशिवाय.

एसएसएचवरून पाठवलेली कमांड दोनदा सोलली जाते, एकदा इथल्या शेलमध्ये, एकदा पलीकडच्या. मोकळी जागा असलेलं नाव पाठवायचं तर अवतरणाचे दोन थर लागतात. त्यापेक्षा पलीकडे एक छोटी स्क्रिप्ट ठेवून इथून तिला साधं नाव किंवा नंबर द्यावा.

आता मराठी नावांचं. डोळ्यांना 'शेतकऱ्यांची यादी' अशीच दिसणारी फाइल फोल्डरमध्ये आहे, स्क्रिप्टमध्ये नावही तेच आहे, तरी 'नो सच फाइल'. कारण 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डमधून ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, दुसऱ्यातून र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक येतो: शेतकऱ्यांची, शेतकर्‍यांची. दिसायला सारखं, बाइट वेगळे. लिनक्सला अक्षरं कळत नाहीत, तो बाइट जुळवतो. प्रिंटएफने फक्त 'शेतकऱ्यांची' हा शब्द डब्ल्यूसी -सी मध्ये सोडून मोजा: यूटीएफ-८ मध्ये एक देवनागरी कोड (इथे कोड म्हणजे अक्षराचा किंवा चिन्हाचा युनिकोड क्रमांक) तीन बाइटचा, म्हणून पहिल्या प्रकारात ११ कोडचे ३३ बाइट येतात, दुसऱ्यात १२ कोडचे ३६. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेल्या फाइलमध्ये तिसराच प्रकार निघतो, र खाली वेगळा नुक्ता. तेही ३६ बाइट, पण वेगळे ३६. नेमकं काय आहे ते ओडी -टीएक्स१ ने छापून बघता येतं. ऱ चे बाइट ई० ए४ बी१, जोडकाचे ई२ ८० ८डी.

पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं एनएफसी हे रूपांतर नुक्त्याचा प्रकार ऱ मध्ये बदलतं, जोडकाचा प्रकार बदलत नाही. तो हाताने रिप्लेस करावा लागतो. खरं सांगायचं तर, स्क्रिप्टच्या वाटेवर असलेल्या फाइलना खातेक्रमांक आणि तारखेची नावं द्यावीत, आणि मराठी नाव पीडीएफच्या आत छापावं. देवनागरी नावांना आणखी एक मर्यादा लवकर गाठते: ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं, म्हणजे ८५ कोड. काना, मात्रा, अनुस्वार, प्रत्येकाचा वेगळा कोड धरा. गाव, तालुका, पीक, शेतकऱ्याचं पूर्ण नाव आणि तारीख असं नाव रचलं की ही हद्द सहज ओलांडते.

मशीनची भाषा मराठी ठेवली असेल तर डेट कमांड महिन्याचं नाव मराठीत देऊ शकते आणि काही प्रोग्रॅमचे एररही भाषांतरित येतात. उलट क्रॉनमध्ये भाषेची सेटिंग तीच असेल असं नाही. म्हणजे तीच स्क्रिप्ट दिवसा एका नावाने फाइल लिहू शकते, रात्री दुसऱ्या. ज्या कमांडचं आउटपुट स्क्रिप्ट वाचणार आहे तिला एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८ लावूनच बोलवा.

हंगामातच येणारी एक अडचणही इथलीच. वर्षभर चालणारी '*.पीडीएफ' ची ओळ उन्हाळ कांद्याच्या आवकेत 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणते. नेहमीच्या सेटिंगमध्ये लिनक्स एका कमांडला एन्व्हायर्नमेंटसकट साधारण २० लाख ९७ हजार बाइटच देऊ देतो. एक पत्ता १५० बाइटचा धरला तर १३ हजार फाइलच्या आसपास गाडी अडते. नावं मराठी असली तर त्याच लांबीत आणखी आधी. फाइंड -प्रिंट० आणि एक्सआर्ग्ज -० ही जोडी वापरा, ती गठ्ठे पाडून कमांड बोलावते. फॉर लूपला ही मर्यादा नाही, कारण तिथे यादी कुठल्या बाहेरच्या प्रोग्रॅमला द्यायची नसते.

लूप एकदाच फिरते, किंवा स्क्रिप्ट लटकते

शाखांची यादी एका फाइलमध्ये: लासलगाव, येवला, सिन्नर, दिंडोरी. व्हाइल रीडने एकेक ओळ घेऊन एसएसएचने तिथला आकडा आणायचा. लासलगावचा येतो, बाकी कोणाचाच नाही, आणि एररही नाही. एसएसएचने लूपचंच इनपुट गिळलेलं असतं. उरलेली तिन्ही नावं ओढून त्याने पलीकडे पाठवून दिली. 'एसएसएच -एन' लावा. एफएफएमपेगही हेच करतो, त्याला -नोएसटीडीइन द्या. बाकी कुठल्याही कमांडला '< /डेव्ह/नल' जोडलं की झालं.

लटकण्याचं दुसरं कारण म्हणजे कोणीतरी प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतंय. एसएसएच पासवर्ड किंवा 'या मशीनवर विश्वास ठेवू का' विचारतो, सुडो पासवर्ड मागतो. एसएसएचला बॅचमोड=येस द्या; मग तो विचारत नाही, सरळ फसतो, आणि फसलेलं निस्तरता येतं. सोबत कनेक्टटाइमआउट १० सेकंद आणि सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल १५ द्या, म्हणजे पलीकडची वीज गेली तर स्क्रिप्ट तासन्‌तास मेलेल्या जोडणीला धरून बसत नाही. एसएसएचची किल्ली -आय ने दाखवा, कारण किल्ली लक्षात ठेवणारा एजंट तुमच्या लॉगिनपुरता असतो. किल्लीच्या फाइलची परवानगी ६००. तुमच्या नावाने एकदा होकार दिलेलं मशीन रूटच्या नोन_होस्ट्समध्ये नसतं, ते त्या युजरने एकदा स्वीकारावं लागतं. सुडोसाठी व्हीसुडोमधून फक्त त्या एका कमांडला, पूर्ण पत्त्यासह, नोपासवर्ड द्या. सगळ्याला देऊन टाकू नका.

तिसरं कारण पायथन वापरणाऱ्यांचं. पॉपेनला आउटपुटसाठी पाइप दिला आणि लगेच वेट केलं, तर थोडं आउटपुट असेल तेव्हा चालतं, जास्त झालं की थांबतं. लिनक्सवर पाइपमध्ये सहसा ६५,५३६ बाइट मावतात. तो हौद भरला की कमांड पाणी उपसलं जाण्याची वाट बघते, आणि तुमची स्क्रिप्ट कमांड संपण्याची. कम्युनिकेट वापरा, किंवा आउटपुट थेट फाइलमध्ये सोडा. 'चाचणीत चाललं, खऱ्या डेटावर अडकलं' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

टाइमआउट लावला तरी शेल=ट्रू असेल तर मरतो तो शेल; त्याने जन्माला घातलेली खरी कमांड मागे जिवंत राहू शकते. स्टार्ट_न्यू_सेशन=ट्रू देऊन, वेळ संपल्यावर किलपीजीने सगळा गट मारा. आणि आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होत असेल तर क्रॉनच्या ओळीत 'एफलॉक -एन' लावा. दुसरी फेरी आपोआप माघारी जाते.

कोड शून्य, पण काम नाही

लिब्रेऑफिसने हेडलेस पद्धतीने पीडीएफ काढताना त्याच युजरची लिब्रेऑफिसची खिडकी उघडी असेल, तर कमांड गुपचूप संपते, पीडीएफ होत नाही, आणि कोड ० येऊ शकतो. दिवसा कारकून पट्टी उघडून बसला की स्क्रिप्ट चालत नाही, तो घरी गेला की चालते, त्याचं मूळ हे. -एन्व्ह:युजरइन्स्टॉलेशन ने स्क्रिप्टसाठी वेगळं प्रोफाइल फोल्डर द्या. पीडीएफमध्ये अक्षरांऐवजी चौकोन आले तर ती कमांडची चूक नाही. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नाही, नोटो किंवा लोहित टाका.

स्नॅपमधून टाकलेला प्रोग्रॅम /टेम्पमध्ये फाइल लिहितो, ती दिसत नाही. त्याचा /टेम्प वेगळा असतो. सिस्टिमडीच्या सर्व्हिसमध्ये प्रायव्हेटटेम्प लावलेलं असेल तरी तेच. फाइल होममधल्या साध्या फोल्डरमध्ये लिहा.

म्हणून अशा कमांडनंतर कोडवर विसंबू नका. फाइल आहे का, शून्य बाइटपेक्षा मोठी आहे का ('टेस्ट -एस'), आणि या फेरीत तयार झालेली आहे का, हे तीन तपासा. तिसरं विसरलं की कालचीच पीडीएफ आज पुन्हा नाशिकच्या ऑफिसला जाते. सोपा उपाय: फेरी सुरू होताना जुनी फाइल बाजूला हलवा.

विंडोजवर

डीआयआर, कॉपी, डेल हे प्रोग्रॅम नाहीत, सीएमडीच्या पोटातले शब्द आहेत. पायथनमधून थेट बोलावले तर विनएरर २ येतो. आधी 'सीएमडी /सी' लावा, नाहीतर कॉपीसाठी पायथनचंच शूटिल वापरा. कमांडची ओळ सीएमडीत ८,१९१ अक्षरांपलीकडे जात नाही. 'प्रोग्रॅम फाइल्स'मधली मोकळी जागा विसरू नका.

टास्क शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन'चा रकाना रिकामा ठेवला तर काम सिस्टिम३२ मधून सुरू होतं आणि सापेक्ष पत्ते चुकतात. त्या रकान्यात पत्ता अवतरणाशिवाय लिहा. झेड: सारखी जोडलेली नेटवर्क ड्राइव्ह दुसऱ्या खात्याला, किंवा कोणी लॉगिन नसताना दिसत नाही; सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा दोन तिरक्या रेघांचा पूर्ण पत्ता द्या. निकालाच्या रकान्यात ०एक्स८००७०००२ म्हणजे फाइल सापडली नाही, ०एक्स४१३०१ म्हणजे काम अजून चालू आहे. आणि ०एक्स१ म्हणजे तुमच्याच स्क्रिप्टने १ परत केला. तिच्या लॉगमध्ये बघा.